गादीवर टिळा कुणी लावायचा?



राज्य कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडं सारखा विचारला जातो. मला त्याच्या अलीकडचा प्रश्न विचारायचाय. हे राज्य आहे, ह्याचं ऐकायचं, हे ठरवतं कोण? तलवार ज्याच्या हातात त्याचं राज्य, असं म्हणून मोकळं होता येतं. पण मग ज्यांच्या हातात तलवार होती तीच माणसं टिळ्यासाठी, मंत्रासाठी, सनदेसाठी का धडपडली? किल्ले होते, फौज होती, खजिना होता. तरी त्यांना कुणाची तरी सही लागत होती. ती सही कुणाची, आणि ती त्याच्याच हातात का, याचा छडा लावल्याशिवाय आपल्याला आपला इतिहास कळणार नाही.

मी काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. शाळा दहावीला सुटली. जे वाचलं ते रातपाळी उतरून, गावच्या वाचनालयातलं, रद्दीतलं, चळवळीतल्या पोरांकडनं मागून आणलेलं. त्यामुळं पंडिती भाषा इथं मिळायची नाही. पण खात्यात उभं राहिलं की एक गोष्ट कळते. जॉबर ओरडतो म्हणून मशीन चालत नाही. जॉबरचं ऐकायचं असतं असं खात्यातल्या सगळ्यांनी मनात धरलंय, म्हणून चालतं. ज्या दिवशी सगळे हात बाजूला घेतात त्या दिवशी जॉबर म्हणजे नुसता ओरडणारा एक माणूस.

म्हणजे सत्तेला दोन गोष्टी लागतात. एक जोर, दुसरी मान्यता. जोरानं माणूस वाकतो, पण जोर सरला की उठतो. मान्यतेनं तो आपणहून वाकतो आणि आपण वाकलोय हेही विसरतो. जोर आपल्या देशात पुष्कळांकडं आला आणि गेला. मुसलमान सुलतानांकडं होता, मराठ्यांकडं होता, इंग्रजाकडं होता. मान्यतेची पेटी मात्र शेकडो वर्षं एकाच घरात राहिली आणि तिची किल्ली एकाच जातीच्या जानव्याला बांधलेली होती. त्या किल्लीचा हा इतिहास आहे.

रायगड, १६७४

६ जून १६७४ या दिवशी रायगडावर शिवाजीराजांचा राज्याभिषेक झाला. आपण तो मिरवणुकीत, कॅलेंडरवर, सिनेमात पाहतो. पण त्याच्या आधीचे दिवस कुणी दाखवत नाही.

तोवर राजांनी काय केलं नव्हतं? १६५९ ला अफझलखान संपवला. १६६६ ला आग्र्याच्या कैदेतून निसटले. गेलेले किल्ले परत घेतले. रयतेचा सारा ठरवला, सैनिकांनी उभ्या पिकाला हात लावायचा नाही अशी शिस्त बसवली. मावळातला कुणबी, कोळी, रामोशी, महार, मांग त्यांच्यासाठी मरायला तयार होता. ज्याच्यासाठी रयत मरायला तयार आहे तो राजा, याहून मोठी सनद कुठली?

पण आदिलशहाच्या दरबारी ते बंडखोर सरदाराचा पोरगा. बाकीच्या मराठा घराण्यांच्या लेखी आपल्यातलाच एक भोसले. त्यांनी दिलेली इनामं, केलेले तह, लिहिलेली आज्ञापत्रं उद्या टिकतील का, हा व्यवहाराचा प्रश्न होता. त्यासाठी छत्र आणि सिंहासन हवं होतं. आणि तिथं धर्मशास्त्र आडवं आलं. अभिषेक फक्त क्षत्रियाला. आणि कलियुगात क्षत्रिय उरलेलेच नाहीत, वरती ब्राह्मण आणि खाली शूद्र, एवढंच शिल्लक आहे, असं इथले शास्त्री सांगत होते.

मग काशीहून गागाभट्टांना आणलं. त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. भोसल्यांचं नातं उदेपूरच्या सिसोदिया राजपुतांशी जोडणारी वंशावळ पुढं आली. ज्या माणसानं औरंगजेबाला जेरीला आणलं त्याची वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज लावली. पोरंबाळं झालेल्या राजाची त्याच्याच राण्यांशी पुन्हा समंत्रक लग्नं लावली. दानदक्षिणा झाली. तेव्हा कुठं अभिषेक झाला.

एवढ्यानं संपलं नाही. अभिषेकानंतर बाराव्या दिवसाच्या आत, १७ जूनला, जिजाबाई गेल्या. निश्चलपुरी गोसावी नावाच्या तांत्रिकानं सांगितलं की पहिल्या अभिषेकात दोष राहिलेत. म्हणून २४ सप्टेंबर १६७४ ला दुसरा, तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेक झाला. एका वर्षात दोन राज्याभिषेक!

मित्रांनो, यात राजांना कमीपणा आहे असं मला म्हणायचं नाही. ते व्यवहार ओळखणारे होते. त्या काळात दुसरा शिक्का बाजारात नव्हता, म्हणून त्यांनी तो घेतला, आणि त्या शिक्क्याच्या बळावर स्वतःचा शक सुरू केला, होन आणि शिवराई पाडली. कमीपणा त्या व्यवस्थेला आहे. राज्य कमावलं मावळ्यांनी आणि ते राज्य आहे असं जाहीर करायचा हक्क मात्र ज्यानं एकही खिंड लढवली नाही त्याच्याकडं. गडावर दगड वाहणाऱ्याला कुणी विचारलं नाही की बाबा, हा तुझा राजा का? त्याचं 'हो' आधीच रक्तात लिहून झालं होतं, पण ते रक्त वाचता येणारं शास्त्र अजून जन्मलं नव्हतं.

जोतीबा फुल्यांनी ते पहिल्यांदा वाचलं. १८६९ साली त्यांनी शिवाजीराजांवर पवाडा लिहिला आणि राजाला गोब्राह्मणांच्या गोठ्यातनं सोडवून शेतकऱ्याच्या बांधावर आणून उभं केलं.

दुसऱ्याच्या नावानं

पुढं गंमत अशी की ज्यांच्या घरात किल्ली होती त्यांच्याच हातात तलवारही आली. १७४९ साली साताऱ्याचे शाहू छत्रपती वारले आणि सगळा कारभार पुण्यात गेला. पण पेशव्यांनी स्वतःला राजा म्हणवून घेतलं नाही. नवा पेशवा झाला की त्याची वस्त्रं साताऱ्याहून यायची. छत्रपती साताऱ्यात नजरेखाली, आणि राज्य त्याच्याच नावानं पुण्यात. सत्ता एकाची, नाव दुसऱ्याचं.

इंग्रजानं तरी वेगळं काय केलं? १७६५ ला कंपनीनं बंगालची दिवाणी घेतली ती दिल्लीच्या बादशहाकडून. शहाआलम बादशहा आंधळा होऊन मरून गेला, तरी १८३५ पर्यंत कंपनीच्या रुपयावर त्याचं नाव छापलं जात होतं. म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यालाही कळत होतं की तोफेनं मुलूख जिंकता येतो, पण बाजारात नाणं चालायला लोकांच्या ओळखीचं नाव लागतं.

या सगळ्या नावांच्या खेळात आपण कुठं होतो? पेशवाईत आपल्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात ते नोंदवून ठेवलंय. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला कंपनीच्या पलटणीतले महार पेशव्याच्या फौजेपुढं हटले नाहीत. त्याच साली पेशवाई संपली. खांब उभा राहिला, त्यावर नावं कोरली गेली. आपण दर वर्षी तिथं माथा टेकतो आणि टेकलाच पाहिजे.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे. ज्या कंपनीसाठी ते लढले तिच्या राज्यात त्यांचा वाटा काय होता? पगार आणि पेन्शन. पुढं १८९० नंतरच्या काळात इंग्रजानं लष्करात महारांची भरतीच थांबवली. लढाऊ जातींची यादी केली आणि त्यात आपलं नाव ठेवलं नाही. कोरेगावच्या खांबावरची नावं तशीच राहिली आणि त्यांच्या नातवांना गोपाळबाबा वलंगकरांच्या मागं उभं राहून अर्ज लिहावे लागले. यातनं एक धडा घ्यायचा. लढणाऱ्याला मजुरी मिळते. गादी कशावर उभी आहे हे ठरवायचा हक्क आपोआप मिळत नाही. तो वेगळा मागावा लागतो, वेगळा लढावा लागतो.

पंचगंगेचा घाट

आमच्या कोल्हापूर भागात ही लढाई उघड्यावर आली ती एकोणिसावं शतक संपताना. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. कार्तिकातल्या पहाटेच्या स्नानाला ते पंचगंगेवर जात. पुरोहित मंत्र म्हणत होता. बरोबर राजारामशास्त्री भागवत होते. ते स्वतः ब्राह्मण, पण सरळ माणूस. त्यांनी लक्षात आणून दिलं की हे मंत्र वेदातले नाहीत, पुराणातले आहेत. वेदोक्त द्विजांना, पुराणोक्त शूद्रांना. म्हणजे ज्याच्या ताटातलं खातोस त्याच राजाला तू रोज पहाटे नदीच्या पाण्यात उभा करून शूद्र म्हणतोस!

त्याला विचारलं तर त्यानं लपवलंही नाही. तुम्ही शूद्र, म्हणून पुराणोक्त. २२५ वर्षांपूर्वी रायगडावर ज्या घराण्यावर वेदमंत्रांनी अभिषेक झाला त्याच घराण्याच्या गादीला हा जबाब. म्हणजे गागाभट्टांनी दिलेली सही कायमची नव्हतीच. ती भाड्यानं दिली होती आणि मालक वाटेल तेव्हा घर रिकामं करून मागत होता. मधे साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या वेळी हाच वाद एकदा पेटून गेला होता.

कोल्हापूरच्या राजोपाध्यांनी वेदोक्त करायला नकार दिला. महाराजांनी १९०२ साली त्यांची इनामं काढून घेतली. टिळकांनी १९०१ मध्येच केसरीतनं या मागणीला खूळ म्हटलं होतं. जो माणूस इंग्रजाकडं स्वराज्य मागत होता त्याला एका मराठी राजानं आपल्या धर्मात बरोबरीची जागा मागणं खूळ वाटलं. यावर मी आणखी काय लिहू.

पण शाहू महाराजांचं मोठेपण मंत्र मिळवण्यात नाही. मंत्राच्या भांडणातनं त्यांना जे दिसलं त्यात आहे. त्यांना दिसलं की ज्याला राजवाड्यात शूद्र म्हणतात त्याच्या रयतेला कचेरीत काय म्हणत असतील. २६ जुलै १९०२ ला त्यांनी हुकूम काढला की करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. १९१७ ला सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. १९१८ ला महार वतनाची वेठ मोडली. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान काढलं तेव्हा महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायचे, सगळ्या गावादेखत. आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला येऊन त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं की तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे. अध्यक्ष होते विलायतेचं शिक्षण अजून पुरं व्हायचं असलेले तरुण डॉ. आंबेडकर.

आता एक कडू गोष्ट. शाहू महाराजांनी १९२० साली मराठ्यांसाठी वेगळा क्षात्रजगद्गुरू नेमला. म्हणजे किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली, पण कुलूप तसंच राहिलं. धर्मगुरूची सही लागतेच हे गृहीत राहिलं. शिवाय राजा कितीही दयाळू असला तरी तो राजा. त्याचा हुकूम चांगला, पण हुकूमच. ६ मे १९२२ ला ते गेले आणि रयतेला त्यांच्यासारखा दुसरा निवडता येणार नव्हता. त्यांच्या डोक्यावरही इंग्रजाचा पोलिटिकल एजंट बसलेला होताच. राजाच्या चांगुलपणावर उभा असलेला हक्क म्हणजे पावसाळ्यातलं गवत.

महाड, १९२७

नकाशा काढून बघा. रायगड किल्ला ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याचं नाव महाड. ज्या डोंगरावर १६७४ ला राजाला सही मागावी लागली त्याच डोंगराच्या पायथ्याच्या मुलखात २५३ वर्षांनी बाबासाहेबांनी सही देणाऱ्याचाच दाखला मागितला.

त्याआधी काय झालं होतं ते नीट बघितलं पाहिजे, कारण आपली पोरं भाषणात ते गाळतात. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला की सरकारी पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं झालं होतं. कौन्सिल म्हणतंय प्या. नगरपालिका म्हणतीय प्या. तरी तीन वर्षं एक घोट कुणी पिऊ शकला नाही. जनावरं पीत होती, परधर्माचे पीत होते.

का? कारण गावाच्या मनात कौन्सिलपेक्षा मोठं कौन्सिल बसलेलं होतं. कौन्सिलच्या ठरावाला शिक्का होता, मनूच्या ठरावाला मान्यता होती. खरं सरकार कुठलं, हे तळ्याच्या पायरीवर कळत होतं.

२० मार्च १९२७ ला हजारोंच्या मोर्चानं बाबासाहेब तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग देवळात शिरणार अशी अफवा उठवून आपल्या लोकांना झोडपलं. तळं बाटलं म्हणून त्याचं शुद्धीकरण केलं. नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. सभेला कुणी जागा देईना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. तेवढ्यात सवर्णांनी दिवाणी कोर्टातनं तळ्यावर जायला तात्पुरती मनाई आणली.

आता बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. मला यात आपल्या सगळ्या चळवळीचं बीज दिसतं. २५ डिसेंबर १९२७ ला रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्मानं ब्राह्मण. आणि कोर्टाची मनाई? ती त्यांनी पाळली. तळ्यावर मोर्चा नेला, वळसा घातला, पाण्याला हात न लावता परत आले. कोर्टात दहा वर्षं भांडले. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला.

कुणी म्हणेल हा मवाळपणा. मी म्हणतो, एका हातानं एक कायदा जाळला आणि दुसऱ्या हातानं दुसरा कायदा दहा वर्षं धरून ठेवला, कारण दोघांतला फरक त्यांना माहीत होता. मनूचा कायदा आपल्याला विचारून झालेला नाही, त्यात आपल्याला तक्रार करायला जागा नाही आणि तो बदलायची वाट नाही. असला कायदा कितीही जुना असो, तो नुसता जुना जोर आहे. त्याला जाळ हेच उत्तर. कोर्टाचा कायदा परक्याचा होता, अपुरा होता, पण तिथं महाराला उभं राहून बोलता येत होतं आणि निकाल फिरवता येत होता. जिथं बोलायला जागा आहे तिथं लढून जागा वाढवायची.

त्याच परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रान्सचा दाखला दिला. व्हर्सायला राजानं बोलावलेली सभा जमली आणि बघता बघता तिनं जाहीर केलं की राष्ट्र म्हणजे आम्ही. तीच तुलना त्यांनी महाडच्या मांडवाशी केली. विचार करा, पायी आलेली, भाकरी बांधून आलेली माणसं, आणि त्यांना सांगितलं जातंय की तुमची सभा व्हर्सायच्या सभेच्या तोडीची आहे. राजाला टिळा कुणी लावायचा, हा प्रश्नच त्या दिवशी मोडीत निघाला. टिळ्याचं ताट आता रयतेच्या हातात होतं.

'आम्ही' हा शब्द

९ डिसेंबर १९४६ ला दिल्लीत घटना समितीची पहिली बैठक भरली. बाबासाहेब तिथं गेले ते मुंबईतून नव्हे. इथल्या काँग्रेसनं दारं बंद केली होती. बंगालातून जोगेंद्रनाथ मंडल यांनी त्यांना निवडून आणलं. पुढं ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

१७ ऑक्टोबर १९४९ ला उद्देशिकेवर चर्चा चालू होती. कामत यांनी दुरुस्ती मांडली की सुरुवात देवाच्या नावानं करावी. मतं मोजली. बाजूनं ४१, विरोधात ६८. देवाच्या नावाचा पराभव झाला. एका सभासदानं गांधींचं नाव घालायची सूचना केली होती, तीही मागं घेतली गेली. देव नाही, महात्मा नाही, राजा नाही, भट नाही. पहिला शब्द राहिला 'आम्ही'. बाबासाहेबांनी त्या दिवशी स्पष्ट केलं की या घटनेचं मूळ, तिचा अधिकार आणि तिची सत्ता लोकांपासून येते.

मला विचाराल तर ६ जून १६७४ चा अधुरा राज्याभिषेक १७ ऑक्टोबर १९४९ ला पुरा झाला. यावेळी मुंज लागली नाही, वंशावळ लागली नाही.

पण थांबा. लगेच टाळ्या नकोत. ज्या समितीनं 'आम्ही' लिहिलं तिला आपण सगळ्यांनी कुठं निवडलं होतं? तिला निवडलं प्रांतांच्या विधिमंडळांनी, आणि त्या विधिमंडळांना निवडणारा मतदार होता जमीन, कर नाहीतर शिक्षण असलेला. आपल्या आजीला तेव्हा मत नव्हतं. 'आम्ही' आधी लिहिलं गेलं आणि मग १९५१-५२ च्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांच्या यादीनं तो शब्द भरून काढायला सुरुवात झाली. त्याच निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब पडले. ज्यानं सत्तेचं मूळ लोकांत आणून ठेवलं त्यालाच लोकांनी हरवलं. १९५४ ला भंडाऱ्यातही तेच. 

आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला त्यांनी जी ताकीद दिली ती आपण फोटोखाली लिहितो आणि विसरतो. राजकारणात एक माणूस एक मत, पण समाजात आणि अर्थकारणात माणसाचं मोल सारखं नाही. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर जे भोगतात तेच हा डोलारा उडवतील. म्हणजे घटनेची सही पुरी झाली असं घटनाकारानंच म्हटलं नाही. 'आम्ही' हा शब्द खरा होईपर्यंत या राज्याची मान्यता उधारीवर आहे, असा त्याचा अर्थ.

उधारी कुठं कुठं आहे

२७ जुलै १९७८ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. दोन्ही सभागृहांनी. लगेच मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेसारख्यांचे जीव गेले. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. विधिमंडळाचा ठराव अमलात यायला साडेपंधरा वर्षं. १९२४ च्या महाड नगरपालिकेचा ठराव आठवा. कागद दोन्हीकडं होता, मान्यता दोन्हीकडं गावानं अडवली.

आमच्या गिरणीच्या धंद्यातलं बघा. १९४६ च्या कायद्यानं मुंबईच्या गिरण्यांत कामगारांच्या वतीनं बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागं बाहेर पडले. सरकार आणि मालक म्हणत राहिले की आम्ही बोलू ते मान्यताप्राप्त युनियनशी. अडीच लाखांची मान्यता एका बाजूला आणि कायद्याची दुसऱ्या बाजूला. कायद्याची टिकली, कामगार मोडला. आणि कामगारांच्या 'आम्ही'तसुद्धा भोक होतंच. कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागतो, बाटतो, म्हणून आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नव्हते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यासमोर ठेवला. जास्त पगाराच्या खात्यात जात बसली होती आणि बाहेर एकजुटीच्या घोषणा चालू होत्या.

गावात बघा. आमच्याकडच्या एका गावात आमच्यातल्या एक आक्का राखीव जागेवर सरपंच झाल्या. खुर्ची त्यांची, सही त्यांची. कपाटाची किल्ली मात्र दुसऱ्याकडं. ठरावाची वही घरी यायची, सही करून परत जायची. त्यांना विचारलं, आक्का, वाचून सही करता का? म्हणाल्या, "लेकरा, वाचाया मागितली तर म्हंत्यात, तुला काय कमी केलंय काय आम्ही?" त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली. पण किल्ली अजून फिरतीच आहे. पुढच्या ग्रामसभेला वस्तीतली वीसबावीस पोरं-पोरी गेली, शांत बसली आणि एवढंच म्हणाली की ठराव मोठ्यानं वाचा. वाचावे लागले. आक्कांनी दोन ठिकाणी सही करायचं नाकारलं. कुणाचं डोकं फुटलं नाही, घोषणा झाली नाही. मला ते महाडइतकंच मोलाचं वाटतं.

शेवटची उधारी आपल्या घरातली. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि काही वर्षांतच त्याचे तुकडे पडायला लागले. आज आपल्यात जेवढे गट तेवढे अध्यक्ष. त्यांना अध्यक्ष केलं कुणी? कुठल्या सभेत मत झालं? हिशेब कुणापुढं ठेवला? मोठ्या बॅनरवर बाबासाहेबांच्या शेजारी आपला फोटो लावला की पुढारी होता येतं, तर मग गागाभट्टांच्या वंशावळीत आणि त्या बॅनरमध्ये फरक काय? २५ नोव्हेंबरच्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी बजावलंय की धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल, राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट. भटाला विचारलेला प्रश्न आपल्या पुढाऱ्याला विचारता येत नसेल तर आपण फक्त टिळा लावणारा हात बदलला.

म्हणून मित्रांनो, माझं म्हणणं सोपं आहे. कुणी हुकूम सोडला की तीन गोष्टी विचारायच्या. हा अधिकार तुला कुणी दिला? आम्हाला विचारलं होतं का? आणि तो काढून घ्यायची वाट कुठं आहे? तहसीलदाराला विचारा, सरपंचाला विचारा, युनियनच्या सेक्रेटरीला विचारा, आपल्या मंडळाच्या अध्यक्षाला विचारा. घरात बापाला आणि नवऱ्यालाही विचारू द्या. तिन्हीची उत्तरं मिळाली तर त्याचं ऐका, आपल्याला न पटणारं असलं तरी ऐका आणि बदलायला लढा. उत्तरं मिळाली नाहीत तर समजा की समोर अधिकार नाही, नुसता जोर उभा आहे.

येत्या ग्रामसभेची तारीख आपापल्या गावात विचारून ठेवा. ठरावाची वही मोठ्यानं वाचायला लावा.